नेल्लोरची गुरं आणि निळे मकाव

फाटकापाशी जीप थांबली आणि आधी दिसल्या त्या गाई. पांढऱ्याशुभ्र, पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी. ब्राझीलमध्ये, घरापासून इतक्या दूर, ही ओळखीची गुरं पाहून गळा दाटून आला. इथे त्यांना ‘नेलोरे’ म्हणतात. नाव आंध्रातल्या नेल्लोरवरूनच पडलंय. 19व्या शतकात आपल्याकडची ही जात जहाजातून इकडे आली. ऊन आणि गोचीड सोसणारी म्हणून रुजली आणि पुढे देशभर पसरली.

हा पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशाचा दक्षिण भाग, मिरांडा गावाच्या पुढचा. पावसाळ्यात इथे नद्या पात्र सोडून कुरणांत शिरतात. जमीन इतकी सपाट, की पाणी उतरायला महिनोन्‌महिने लागतात. यातली बहुतेक जमीन खासगी, गुरांच्या फझेंदांची, म्हणजे मोठमोठ्या शेतवाड्यांची. त्यामुळे पाखरं बघायची तर गुरं पाळणाऱ्याच्याच दारात उतरावं लागतं.

मी गेले ऑगस्टमध्ये. पाणी आटलेलं, उरल्यासुरल्या डबक्यांत मासे कोंडलेले. एकेका डबक्यापाशी दीड-दोनशे बगळे, चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी पक्षी, काठावर जबडा वासून पडलेले केमन, म्हणजे मगरीचे भाऊबंद. मधोमध जाबिरू करकोचा उभा, माझ्या छातीला लागेल एवढा उंच. अंग पांढरं, मान काळी, तिच्या तळाशी लालभडक पट्टा. कॅपिबारांचं, म्हणजे उंदराच्या जातकुळीतल्या पण चांगल्या थोराड प्राण्यांचं, एक कुटुंब त्याच्या बाजूने चरत गेलं, त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

पण मी आले होते निळ्या मकावासाठी. चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभर लांब, जगातला सर्वांत लांब पोपट. तो जंगलात नाही, गुरांच्या वाड्यात सापडला!

वाटाड्याने सांगितलं, “गाई बसतात तिथे बसा.” अकुरी नावाच्या ताडमाडाच्या कुळातल्या झाडाची फळं गाई आख्खी गिळतात, गर पचवतात आणि टणक बिया रवंथ करताना बाहेर टाकतात, काही शेणातून पडतात. गर निघालेल्या या बिया मकावांना आयत्याच मिळतात. सातच्या सुमारास सात-आठ पक्षी कर्कश ओरडत उतरले आणि गाईंच्या पायांमधून तुरुतुरु चालू लागले. माझ्यापासून दहा पावलांवर एकाने बी पायात धरलं, चोचीत फिरवलं आणि कट्‌ असा आवाज झाला. ते गेल्यावर मी अर्धुकं उचललं. करवतीने कापल्यासारखी सरळ कड, आत पांढरा मगज खरवडलेला. हातोडीनेही सहज फुटणार नाही असं ते कवच!

दुपारी गुराख्यांनी गाईच्या शिंगाच्या पेल्यातून तेरेरे दिलं, म्हणजे थंड पाण्यातला माते, एका झाडाच्या पाल्याचं पेय. धातूच्या नळीने ओढायचं आणि पेला पुढच्याकडे सरकवायचा. कडू लागतं, पण त्या उन्हात दुसरं काही नको वाटतं.

नंतर मांडुवीचं झाड दाखवलं. मकाव घरटं करतात ते बहुतेक याच झाडाच्या ढोलीत, आणि एवढी मोठी ढोली व्हायला झाड साठेक वर्षांचं तरी लागतं. गुरं त्याची कोवळी रोपं खातात, तुडवतात. सकाळी जी गाय मकावाला जेवू घालते, तीच त्याचं उद्याचं घर खाते, हे मला फार लागलं. म्हणून इथल्या लोकांचं काम मोलाचं वाटतं. नेईवा गेदेस या जीवशास्त्रज्ञ 1990 पासून ढोल्या मोजतायत, घरट्यांसाठी लाकडी पेट्या टांगतायत. तेव्हा पांतानालमध्ये दीड हजाराच्या आसपास असलेले मकाव पुढे पाच हजारांवर गेले. 2020च्या आगींत पांतानालचा साधारण तीस टक्के भाग होरपळला. या झाडाच्या बुंध्यालाही एका बाजूने काळं सालपट होतं.

त्याच ढोलीतून एक निळं डोकं बाहेर आलं. डोळ्याभोवती पिवळं कडं, चोचीच्या मुळाशी तसाच पिवळा पट्टा. खाली दोन नेलोरे गाई सावलीला येऊन बसल्या आणि रवंथ करू लागल्या.