37 अंशांवरची चकती

बाद केलेल्या रीडिंगची फाइल मी परवा पुन्हा उघडली. माझ्या एका विद्यार्थिनीने तपासलेल्या सहा चकत्या, सगळ्यांचं मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, 9 किलोपास्कलच्या आसपास. त्याच बायोइंकच्या, म्हणजे पेशींसाठी छापायच्या जेलच्या, त्याच प्रिंटरवर काढलेल्या चकत्या मी तपासते तेव्हा 30 येतं, आणि महिनोन् महिने तेच येत होतं. म्हणून ही सहा रीडिंग मी बाद करायला लावली. ‘तुझा हात अजून बसलेला नाही,’ असं त्या विद्यार्थिनीला सगळ्यांसमोर सांगितलं. ती ‘बरं मॅडम’ म्हणाली आणि वहीत नोंद करून मोकळी झाली.

माझं काम म्हणजे छापलेलं जेल दाबून बघणं. चकती 8 मिलिमीटर व्यासाची, 4 मिलिमीटर उंच. 30 किलोपास्कलची चकती 10 टक्के दाबायला साधारण 15 ग्रॅमचं वजन पुरतं, 9 ची असेल तर पाच ग्रॅमही लागत नाही. अशा कामासाठी आमच्याकडे पहिल्यांदा 500 न्यूटनचा लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा भाग, मागवला गेला होता. क्षमता जास्त म्हणजे यंत्र चांगलं, असं खरेदीच्या कागदांवर सही करणाऱ्यांना वाटतं. त्यावर आमच्या चकतीचा सगळा जोर गोंगाटात हरवायचा. 10 न्यूटनचा मिळवायला मला वर्षभर भांडावं लागलं.

त्यात चकती चिमट्याने उचलायची नाही, कड दबते. पातळ पट्टीवरून घसरवत प्लेटवर आणायची, कडेचं पाणी फिल्टर पेपरच्या टोकाने टिपायचं. जास्त टिपलं तर ती सुकायला लागते, कमी टिपलं तर घसरते. व्यास दर वेळी मोजायचा, कारण जेल फुगतं, आणि व्यासात 5 टक्के चूक झाली की क्षेत्रफळात 10 टक्के होते. छापलेल्या चकतीचा माथा कधीच सपाट नसतो, धाग्यांचे उंचवटे असतात. त्यामुळे आलेखाची सुरुवात लोळलेली असते. ती सोडून पुढचा सरळ उतार घ्यायचा. आणि ‘प्लेट टेकली’ हे ठरवायला 0.01 न्यूटनचा जोर धरला, तर 9 किलोपास्कलची चकती तोवर दोन टक्क्यांहून जास्त दबलेली असते! एवढ्या जागी हात चुकू शकतो, म्हणूनच तिचाच चुकला असणार, हे मी इतक्या सहज धरून चालले.

पेशींचं काम करणारे आमचे सहकारी मात्र दुसऱ्याच कारणाने अस्वस्थ होते. 2006 साली ‘सेल’ या नियतकालिकात एक गाजलेलं संशोधन आलं होतं. स्टेम सेल मऊ जेलवर, म्हणजे 0.1 ते 1 किलोपास्कलवर ठेवल्या तर चेतापेशींकडे झुकतात, 8 ते 17 वर स्नायूंकडे, 25 ते 40 वर हाडाकडे. ते प्रयोग जेलच्या पृष्ठभागावरचे होते. पेशी जेलच्या आत कोंडल्या की हिशेब बदलतो. तरी 30 चा आकडा बघून त्यांनी हाडाची खूण शोधायला घेतली होती, आणि ती दिसतच नव्हती. त्यांनी पेशींचा साठा बदलला, मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदललं. आकड्यावर मात्र शंका घेतली नाही. तो आकडा मी दिला होता.

उलगडा फ्रिजमध्ये झाला. तिच्या त्या सहा चकत्या रात्रभर 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, मीडियममध्ये बुडवून ठेवलेल्या होत्या. खळग्यांच्या प्लेटमधल्या एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, दोन चकत्या, एक मिली मीडियम. तपासणीनंतर तिने ती प्लेट फेकली नव्हती, 4 अंशांवर ठेवून दिली होती. दुसरं काहीतरी शोधताना मी ती उचलली, तिरकी झाली, आणि वेलमधलं मीडियम हललंच नाही. गुलाबी रंगाची थरथरणारी जेली झाली होती.

आमच्या इंकमध्ये समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट आणि साधं जिलेटिन असतं. अल्जिनेटला कॅल्शियम बांधून ठेवतं, जिलेटिनला काहीच नाही. थंडाव्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना पीळ घालून घट्ट होतात, म्हणून तर छापताना धागा उभा राहतो. 37 अंशांवर ते वितळतं आणि हळूहळू बाहेर झिरपतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवते. पण माझ्या चकत्या छापल्या की तासाभरात, 24 अंशांच्या खोलीत, यंत्रावर चढत होत्या. मी ज्याचं मॉड्युलस मोजत होते, त्या जेलमध्ये कुठलीच पेशी राहत नव्हती.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी कपाटातून पाण्याचं भांडं काढलं. ते बसवायला दोन तास लागतात, म्हणून ते तिथेच पडून असतं. ताजी चकती खोलीच्या तापमानाला बुडवली, लोड सेल पाण्यातच शून्यावर आणला, 10 टक्के दाबून धरली. अल्जिनेट दाबाखाली आपोआप सैल पडतं, तेव्हा आधी जोराची रेषा सपाट होईपर्यंत थांबलो. मग पाणी तापवलं. 28, 30, 32. रेषा खाली वाकली, आणि पाणी 37 ला पोचेपर्यंत उतरतच गेली. विद्यार्थिनी पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

कितीतरी शोधनिबंधांत मॉड्युलस दिलेलं असतं, पण कुठल्या तापमानाला आणि छापल्यानंतर किती वेळाने मोजलं, ते नसतं. छापलेल्या कानाचा सुंदर फोटो मात्र असतो. मला याचा फार राग येतो, आणि आता त्या यादीत आमचेही अहवाल आहेत. प्रत्येकाची दुरुस्ती लिहून पाठवते आहे.

तिच्या वहीत त्या तारखेला ‘मॅडमनी बाद केले’ एवढंच लिहिलेलं होतं. त्याखाली मी कारणासह लिहिलं की रीडिंग बरोबर आहेत, आणि सही केली. वही घेताना तिने विचारलं, ‘मॅडम, मीडियममधलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं, फॉस्फेट ते ओढून घेतं. मग सातव्या दिवशी 9 तरी राहील का?’ इन्क्युबेटरमध्ये तिने आणखी बारा चकत्या आधीच ठेवल्या होत्या. त्या मंगळवारी निघतील.