फोटोची पाठ आधी

आजच्या पानावर एकच विषय: जंगलाचे जुने फोटो. ते फाटतात, पिवळे पडतात, पण वाया जातात ते बहुतेक वेळा जागा आणि साल कुणी लिहून न ठेवल्यामुळे. फोटो शाबूत असतो, पण कुठलं जंगल आणि कुठला उतार ते कळत नाही.

म्हणून स्कॅन करताना फोटोची पाठ आधी. पुसट शिक्का, अर्धवट नाव, कुणाची सही, सगळं आलं पाहिजे. छापील फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या प्रकारात. वाटायला छोटी जेपेग वेगळी. पाठीवर काही लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पाझरते ती वेगळीच. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिएस्टरच्या घ्याव्यात. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजू लागली आहे असं समजावं. ती लगेच वेगळी काढावी, कारण तिचं आम्ल शेजारच्या फिल्मलाही लागतं.

आता खरं मजेचं काम. जुना फोटो जिथून काढला त्याच जागी उभं राहून तीच चौकट पुन्हा टिपायची. खूण म्हणून झाडं धरू नयेत. तीच तर बदललेली असतात. खडक आणि डोंगराची कड धरावी. जवळचा एक खडक आणि त्याच्यामागचं लांबचं एक शिखर निवडायचं. जुन्या फोटोत दिसतो त्यापेक्षा खडक शिखराच्या डावीकडे सरकलेला दिसला, तर आपण उजवीकडे जास्त आलो आहोत, डावीकडे सरकायचं. अशा दोन जोड्या जुळल्या की जागा सापडली. झूम थोडा चुकला तर घरी कातरून भागतं, उभं राहण्याची जागा चुकली तर काहीच करता येत नाही. महिना आणि वेळही तीच ठेवावी, नाहीतर सावल्यांनाच झाडी समजण्याची चूक होते. जुन्या जागी आता झुडपं माजली असतील तर बाजूला सरकावं, पण किती मीटर आणि कुठल्या दिशेला ते लिहावं. दाट झाडीखाली जीपीएस बरंच चुकतं. म्हणून तीन पक्क्या खुणांचे होकायंत्राचे कोनही घ्यावेत आणि शेजारी तारीख टाकावी, कारण चुंबकीय उत्तर सरकत असते.

मग तोच जुना फोटो त्या जंगलाच्या जाणत्या माणसांसमोर ठेवायचा. ‘इथे दाट जंगल होतं ना?’ असं विचारलं की ‘हो’ मिळतं, माहिती मिळत नाही. ‘यात काय काय दिसतंय?’ एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. (गप्प बसणं सगळ्यांत अवघड.) बोलणारा हात पसरून ‘एवढा बुंधा’ म्हणतो, रेकॉर्डरला हात दिसत नाही. ‘म्हणजे दोघांच्या कवेत मावेल एवढा?’ असं तिथेच मोठ्याने म्हणून घ्यावं. आवाज वेव्ह फाइलमध्ये ठेवावा, रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडून. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, तेवढा वेळ आधीच धरावा.

साल कुणी सांगत नाही. ‘मोठी आग लागली त्याच्या आदल्या वर्षी’, असंच येतं. ते तसंच्या तसं लिहावं, आपल्या अंदाजाचं साल त्यावर चढवू नये. आगीचं साल झाडाकडून मिळू शकतं: जळाल्याचा व्रण खोडातल्या कुठल्या वर्षाच्या वलयात आहे ते पाहून. पण नुसती वलयं मोजून भागत नाही. कोरड्या वर्षी एखादं वलय बनतच नाही, कधी एका वर्षात दोन भासतात. म्हणून अनेक झाडांचे नमुने एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. उष्ण प्रदेशांतल्या बऱ्याच जातींना स्पष्ट वार्षिक वलयं नसतातच. सागाला असतात.

फोटो आणि बोलणं इतरांना देण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी लेखी घ्यावी, आणि नाव द्यायचं का, आवाज ऐकवायचा का, हे वेगवेगळं विचारावं. औषधी झाडांच्या आणि पवित्र जागांच्या नेमक्या खुणा सगळ्यांसाठीच्या प्रतीतून काढाव्यात. मूळ प्रतीत त्या राहू द्याव्यात आणि ती कुणी उघडायची ते सांगणाऱ्यालाच ठरवू द्यावं.