पेटी न उघडताच परत

ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत आमच्या वॉर्डात हात येतात. माणसं नाही, हातच म्हणतो आम्ही. वाईट सवय आहे. त्या वर्षी मंगळवेढ्याकडच्या एक मावशी आल्या. बाही मळणी यंत्रात अडकली आणि उजव्या हाताच्या पाठीची कातडी मोज्यासारखी सोलून निघालेली. दोनदा धुऊन, मेलेलं काढून टाकल्यावर खाली चार टेंडन, म्हणजे बोटं हलवणाऱ्या दोऱ्या, उघडे, पांढरे, सुतळीसारखे. त्यांच्यावरचं पातळ आवरणही गेलेलं. अशा नागड्या टेंडनवर कातडीचं कलम धरत नाही.

जुनी वाट म्हणजे ग्रॉइन फ्लॅप. जांघेतली कातडी-चरबी एका बाजूने जोडलेलीच ठेवून हातावर शिवायची आणि तीन आठवडे हात तिथेच जखडायचा. नवी वाट इंटिग्रा. कोलॅजनची सच्छिद्र जाळी, वर सिलिकॉनचा पापुद्रा. जाळीत रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात, जाळी विरत जाते. तीनेक आठवड्यांनी सिलिकॉन सोलून अगदी पातळ कलम लावायचं. सर्जन बर्क आणि शास्त्रज्ञ यानस यांनी 1981 मध्ये भाजलेल्या रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले, तेव्हापासूनची ही कल्पना. मला ती फार आवडते. पैसे एका ट्रस्टने दिले होते. मावशींना मी ‘कृत्रिम कातडी’ म्हणून सांगितलं, त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला.

थिएटरात मी हात धुवायला निघालो, तेवढ्यात सिस्टर हळूच म्हणाल्या, “सर, मावशी माळ काढू देत नव्हत्या, मी टेपने चिकटवलीय. हे इंटिग्रा कशाचं असतं, सांगितलंय ना त्यांना?”

कोलॅजन गाईच्या टेंडनमधलं, जोडीला शार्कच्या कूर्चेतला एक घटक. परीक्षेत मी हे घोकून लिहिलेलं. मावशींना मात्र ‘कृत्रिम’.

भूल अजून दिली नव्हती. स्टूल ओढून बसलो आणि सांगितलं. त्या दिव्याकडे बघत राहिल्या.

“गाईचं?”

“हो. पण ते नंतर विरून जातं, मावशी.”

“विरतं म्हणजे कुठं जातं, डॉक्टर? माझ्यातच ना?”

यावर मी काय बोलणार? टेबल रिकामं केलं. भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघून फक्त हसले. दुसऱ्या दिवशी फ्लॅप केला. मुलगा कुरकुरत होता, “आई, तीन आठवडे अशी निजशील कशी?” तर म्हणाल्या, “पायी पंढरी करते मी. निजायचं काय घेऊन बसलास!”

घाम, वास, आखडलेला खांदा, सगळं झालं. सून रोज वेणी घालायची. एकविसाव्या दिवशी हात सोडवला. फ्लॅप जगला, पण जाड. पुरणपोळीवर पुरणपोळी ठेवल्यासारखा. काही महिन्यांनी चरबी काढून पातळ केला. जाळीने हात कदाचित जास्त देखणा झाला असता, ही माझी रुखरुख; मावशींना तिचं काही नव्हतं.

इंटिग्राची ती न उघडलेली पेटी पुढे मान छातीला चिकटलेल्या एका पोराला लागली. त्याच्या बापाला मी आधीच गाय, शार्क सगळं सांगितलं. “मान वर होईल ना?” एवढंच त्याने विचारलं.

आता संमतीपत्रावर हे मी मराठीत, स्वतःच्या हाताने लिहितो. एका निवासी डॉक्टरने विचारलं, “सर, शार्क कशाला लिहायचा?”

सिस्टर तिथूनच म्हणाल्या, “माळकरी मासे खातात का रे?”