गोठलेल्या मातीवरची हिरवाई

बागेतील उघडी जमीन झाकण्यासाठी सदाहरित वनस्पती निवडताना मी अनेक वर्षे केवळ तापमानाचा आकडा पाहत असे. पॅकिसँड्रा ही जमिनीलगत पसरणारी सदाहरित वनस्पती उणे 25 अंश सेल्सिअसमध्येही तग धरते, एवढ्याच भरवशावर मी ती दुपारचे ऊन आणि वारा थेट येणाऱ्या वाफ्यात लावली. हिवाळा सरता सरता तिची पाने कडेकडून तपकिरी होत गेली, इतकी की काही पानांत मधल्या शिरेलगतची बोटभर रेघच काय ती हिरवी उरली. झाडाखालच्या सावलीत, बर्फाखाली झाकलेली त्याच खेपेची रोपे मात्र टवटवीत होती.

उघड्या वाफ्यातल्या रोपांची पाने करपवली ती थंडीने नव्हे, तहानेने. सदाहरित पानांतून हिवाळ्यातही पाण्याची वाफ होत राहते, ऊन आणि वारा ती वाढवतात, आणि जमीन गोठलेली असल्यामुळे मुळांना त्याची भरपाई करता येत नाही. बर्फाचा थर पानांना वाऱ्यापासून वाचवतो व मातीची ऊबही धरून ठेवतो. म्हणून वनस्पती ठरवण्याआधी, बागेत बर्फ कोठे टिकतो आणि वारा तो कोठून उडवून नेतो, हे एक हिवाळाभर पाहावे, असे मला मनापासून वाटते.

उघड्या, उन्हाच्या जागी जमिनीलगत पसरणारा, सुईसारख्या पानांचा जुनिपर उत्तम. तो हिवाळ्यात जांभळट होतो, पण ते मरणाचे लक्षण नव्हे. त्याला पाण्याचा निचरा मात्र चांगला हवा. रेताड, आम्लधर्मी मातीत बेअरबेरी हे बुटके, पसरणारे झुडूप शोभते; तिची लहान, चिवट पाने आणि लाल फळे मला फार प्रिय आहेत. सावलीसाठी पॅकिसँड्राच घ्यावी. विंका ही पसरणारी वेलही सावलीत हिरवीगार राहते, परंतु तिचे वेल जमिनीला टेकतील तेथे पेरापेराला मुळे धरतात आणि अनेक प्रदेशांत ती रानात शिरून तेथील मूळच्या वनस्पतींना हुसकावते, त्यामुळे रानालगतच्या बागेत मी ती लावणार नाही.

लागवड वसंतात, नाहीतर जमीन गोठण्याच्या किमान सहा आठवडे आधी करावी. उशिरा लावलेली रोपे माती गोठून पुन्हा सैल होताना वर उचलली जातात. तशी दिसल्यास माती मऊ होताच ती हाताने हलकेच खाली दाबावीत, आणि जमीन गोठण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी द्यावे.