लाँगच्वान सेलाडॉनची पहिली बशी घेताना

जुन्या चिनी सेलाडॉनचा, म्हणजे हिरवट झिलईच्या भांड्यांचा, संग्रह करायचे ठरवल्यावर लंडनमध्ये राहत असल्याचा मला मोठा लाभ झाला. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या सर पर्सिव्हल डेव्हिड यांनी जमवलेली सुमारे १,७०० चिनी भांडी ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात विनामूल्य पाहता येतात, आणि खरेदीचा विचार लांबणीवर टाकून मी कित्येक महिने तेथील सेलाडॉनवरच नजर बसवली. चच्यांग प्रांताच्या नैर्ऋत्येकडील लाँगच्वानच्या भट्ट्यांत दक्षिण सोंग राजवटीच्या काळातील (बारावे-तेरावे शतक) कारागीर झिलईचे थरावर थर देत आणि भट्टीत हवा मोजकीच येऊ देत. त्यामुळे झिलईतील अल्पशा लोहाला निळसर हिरवी छटा येई, आणि झिलईत अडकलेल्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांवर प्रकाश विखुरून जेडसारखी मऊ चमक दिसे. ही चमक मोहक असली, तरी ती पाहून वस्तूचे वय ठरवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात आत दोन मासे उठवलेली आणि बाहेरून कमळाच्या पाकळ्या कोरलेली एक लहान बशी मला हाती घेऊन पाहता आली. मी ती प्रथम उलटी केली. तळाच्या कड्यावर झिलई नसते. तेथील उघडी माती भट्टी निवताना हवा लागून तांबूस होते. नकली वस्तूवर हा तांबूसपणा पुष्कळदा वरून फासलेला असतो आणि भिंगाखाली तो पृष्ठभागावर बसलेला दिसतो. या बशीत तो मातीतूनच उमटला होता. झिलईवरचे ओरखडेही वेगवेगळ्या दिशांचे, कमीअधिक खोल होते. मुद्दाम घासून जुनी केलेल्या वस्तूवर ते फारच सारखे येतात. अतिनील दिव्याखाली काठावरची एक लहानशी डागडुजी स्पष्ट झाली, आणि ती लिलावगृहाच्या अहवालातही नोंदलेली होती.

माती तापवून तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून ती शेवटची कधी भाजली गेली हे ठरवणारी औष्णिक दीप्तीची चाचणी मात्र मी करून घेतली नाही. त्यासाठी तळातून माती कोरून काढावी लागते, शिवाय कृत्रिम किरणोत्साराने त्या चाचणीलाही फसवता येते. त्यापेक्षा बशीसोबतची १९७० च्या दशकातील खरेदीची पावती मला अधिक मोलाची वाटली. तुलनेसाठी १३२३ मध्ये कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजातील हजारो सेलाडॉन भांड्यांची छायाचित्रे उपयोगी पडली, कारण त्यांचा काळ निश्चित आहे.

बोलीची कमाल रक्कम मी लिलावगृहाचे कमिशन धरूनच आधी लिहून ठेवली होती, आणि बशी त्या मर्यादेत मिळाली. तळाची छायाचित्रे, अहवाल व दोन्ही पावत्या मी एकत्र ठेवल्या आहेत. आता मिंग काळातील मोठ्या थाळ्यांच्या तळावर भट्टीतील आधारामुळे राहिलेल्या तांबूस वर्तुळांचा अभ्यास सुरू आहे.