चौथी बाजू

शाळेच्या महोत्सवानिमित्त आठवणी लिहायच्यात. मी 1986 च्या दहावीच्या बॅचचा. सहली, स्नेहसंमेलनं, छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मी शाळेमागच्या पाटावर लिहितो.

नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं की तो पाट भरून वाहायचा आणि वर्गातली निम्मी पोरं दारं धरायला शेतात पळायची. आठवीत क्षेत्रफळ-परिमिती चालू असताना असंच झालं. गणिताचे सर उरलेल्यांना सुतळी नि टेप घेऊन पाटावरच घेऊन गेले.

बांधीव भागात पाट 90 सेंमी रुंद, पाणी 45 सेंमी खोल. क्षेत्रफळ 4050 झटक्यात निघालं. परिमिती मी ऐटीत 270 सांगितली. सर म्हणाले, "वरच्या अंगाला पाणी कशाला घासतंय रे? वाऱ्याला?" त्यांनी धोतर खोचलं, पाटात उतरले, सुतळी एका भिंतीवरून खाली सोडून तळाला पायानं दाबली आणि दुसऱ्या भिंतीवरून वर घेतली. भिजली तेवढीच मोजायची. 180 भरली. 4050 भागिले 180, साडेबावीस.

"आता हेच पाणी 270 रुंद पाटात 15 खोल पसरलं तर?" भिजलेली कड 300, उत्तर साडेतेरा. पाणी तेवढंच, उतारही तोच, पण घासायला भिंत जास्त. म्हणून चाल मंदावते. पाटकऱ्याला हे ठाऊक होतंच, आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्या भागाकाराला हायड्रॉलिक रेडियस म्हणतात, हे डिप्लोमाला गेल्यावर समजलं. आणि नावातल्या त्या रेडियसनंच मला नोकरीच्या पहिल्या वर्षी गोत्यात आणलं. सांडपाण्याचा 600 मिमीचा पाइप होता. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात हायड्रॉलिक रेडियसच्या जागी मी सरळ पाइपची त्रिज्या, 30 सेंमी, घालून मोकळा झालो. वास्तविक भरलेल्या पाइपात क्षेत्रफळाला परिघानं भागलं की व्यासाचा चौथा हिस्सा येतो, म्हणजे 15. सूत्रात या आकड्याचा दोन-तृतीयांश घात असतो, त्यामुळे माझा वेग खऱ्याच्या 1.59 पट निघाला. कागदावर पाइप नुसता सुसाट! साहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "शाळा कुठली तुझी?" मी नाव सांगितलं नाही, एवढं श्रेय मला द्या.

गंमत म्हणजे पाइप बरोबर अर्धा भरला तरी उत्तर 15 च येतं. पाणी निम्मं, भिजलेली कडही निम्मी. नव्या पोरांना हे पटत नाही. ती हमखास पाण्याचा वरचा पृष्ठभागही मोजून बसतात. मग मी सुतळी मागवतो.

महोत्सवाच्या बैठकीला आलो तेव्हा पाट बुजवून पाइपलाइन टाकलेली दिसली. आता पोरांना मोजायला कुठे नेता, असं मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "मैदानाकडेचं गटार आहे की." तेही चालेल. सुतळी तेवढी नंतर धुऊन ठेवा.