टेकडीच्या पोटातून आलेलं हिरवं पाणी

शेताच्या कडेच्या खळग्यात मी फ्लुरोसीनचं, म्हणजे पाण्याची वाट शोधायला वापरतात त्या रंगाचं, द्रावण ओतलं तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. बाटलीत ते तांबूस दिसतं, पाण्यात पडलं की झगझगीत हिरवं होतं. रात्री मोठा पाऊस झाला होता. शेतातलं पाणी चरातून वाहत येऊन खळग्याच्या तळाशी एका फटीत शिरत होतं. दोन-तीन मिनिटांत सगळा रंग त्या फटीत गडप झाला. फटीच्या बाजूलाच शेणखताचा ढीग होता, निम्मा वाहून गेलेला.

दोन किलोमीटर खाली एक झरा आहे. त्याचं पाणी लोक पितात. पावसानंतर ते गढूळ होतं, वास मारतं आणि नायट्रेट चढतं, म्हणून मला बोलावलं होतं. ती घाण आपल्या शेतातून येत असेल हे शेतकऱ्याला काही पटत नव्हतं. "मध्ये अख्खी टेकडी आहे. एवढ्या खडकातून पाणी गाळूनच निघणार ना?"

त्यांची समजूत चुकीची होती असं मी म्हणणार नाही. वाळू-मातीच्या थरांत भूजल अगदी सावकाश सरकतं आणि वाटेत बरीच घाण अडते. पण ही चुनखडी. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं, भेगांतला दगड विरघळवतं आणि हजारो वर्षांत भेगांच्या नळ्या होतात, काही ठिकाणी गुहा. अशा भूभागाला कार्स्ट म्हणतात. इथे गाळणी एकच, वरची माती, आणि या शेतात ती जेमतेम वीतभर होती. चुनखडी विरघळली की माती होण्यासारखं मागे फार थोडं उरतं, त्यामुळे गेलेली माती लवकर परत येत नाही. चीनच्या क्वेइचौ प्रांतात झाडं तोडून उतार नांगरले गेले, माती धुपली आणि डोंगरच्या डोंगर उघडे खडक होऊन बसले.

आम्ही दोघं झऱ्यावर जाऊन बसलो. लोकांना आधीच कळवून त्या दिवशी पिण्यासाठी पाणी घेणं थांबवलं होतं. वाट पाहताना मी त्यांना 1877 सालचा जर्मनीतला प्रयोग सांगितला. डॅन्यूब नदीचं पाणी जिथे पात्रातच जिरतं तिथे 10 किलो फ्लुरोसीन ओतलं, आणि साधारण 60 तासांनी ते 12 किलोमीटरवरच्या आख नदीच्या उगमातून हिरवं होऊन वर आलं.

आम्हाला इतकं थांबावं लागलं नाही. पावणेचारला पाण्यातला रंग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा हलला. सव्वाचारला उपकरणाची गरजच उरली नाही.

ते पाण्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गुरं पडू नयेत म्हणून वडिलांनी तो खळगा भरायला घेतला होता. पुढे मग उकिरडाच तिथे झाला." माझ्या पोटात कालवलं. या माणसाने काहीही लपवून केलं नव्हतं. मी त्यांना कॅनडातल्या वॉकरटनबद्दल सांगितलं. तिथे 2000 साली मुसळधार पावसात शेणखतातले जिवाणू भेगाळ खडकातल्या एका उथळ विहिरीत उतरले, सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. ते खत ज्याच्या शेतातलं होतं त्या शेतकऱ्याला चौकशीत दोष दिला गेला नाही, कारण खत टाकण्याची त्याची पद्धत योग्यच होती. जमीन मात्र तसल्या पद्धतीला पुरी पडणारी नव्हती.

संध्याकाळी आम्ही पुन्हा शेतावर गेलो. ढीग कुठे हलवायचा, चर कुठे वळवायचा, खळग्याभोवती किती रुंद पट्टा न नांगरता गवताखाली ठेवायचा, हे सगळं त्यांनीच पावलांनी मोजून घेतलं, खुंट्या ठोकल्या. अंधार पडायला लागला होता. मी निघणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा, अजून दोन आहेत," आणि विजेरी घेऊन झुडपांकडे चालू लागले. माझ्या नकाशात ते दोन खळगे नव्हते.